काना

शनिवारी रात्री साडेनऊला पंतनगरात
डॉक्टर समीनाच्या दवाखान्याचं शटर अर्धं खाली येतं.
पेशंटच्या बाकांवर आम्ही,
मध्ये स्टूल, स्टुलावर नकाशा,
नकाशावर प्लास्टरचे जबडे :
वरचा म्हणजे किल्ला, खालचा म्हणजे खाडी,
एक सुटी अक्कलदाढ म्हणजे राक्षस.
सगळ्या राज्याला लवंगेच्या तेलाचा वास.

खेळ समीना चालवते. आपण फक्त सांगायचं
आपण कोण, आणि आता काय करतोय.

तीन वर्षं मी योद्धा होतो, तीन वेगवेगळे,
तिघांचीही पाठ माझ्यासारखीच दुखायची.
चौथ्यांदा कागदावर लिहिलं :
यमुना नाखवीण, वय अठ्ठावन्न,
स्वतःचं गलबत, डाव्या हाताला चार बोटं,
कुलपं उघडते, माफी मागत नाही.
का, ते विचारू नका. पेन्सिल तिकडे गेली.

पहिल्या रात्री आवाज बारीक केला,
मान वेळावली,
नसलेला पदर सावरला.
फ्लॉयड हसता हसता बाकावरून पडायचा राहिला.
रेवती गमरे हसली नाही.
ती दिवसा इथेच लाळ ओढायची नळी धरून उभी असते
आणि रात्री सात फुटी सरदार होते,
"मी मारतो" म्हणते, फासा टाकते, चहा पिते.
म्हणाली, "अशी बोलणारी बाई
या खुर्चीत अजून तरी बसलेली नाही.
तुमच्याच आवाजात बोला.
काना काढा, मात्रा राहू द्या."

काना.
उघडतो, चढतो, मारतो, पळतो,
वाक्य संपलं की मी रोवत आलेला तो उभा दांडा,
रोवतोय हे कळलंही नाही इतकी वर्षं.
इंग्रजीत खेळलो असतो तर ही वेळ आली नसती,
तिथे मी म्हणजे नुसता मी.
बघा, "नुसता". तिथेही आहेच.

"मी दार..." म्हटलं आणि अडलो.
फासा मुठीत घामेजलेला.
"मी दार उघडते."
समीनाने एवढंच विचारलं, "कशाने?"
"केसातल्या आकड्याने," यमुना म्हणाली,
आणि माझं टक्कल कुणीही मध्ये आणलं नाही.

दाराआड पहारेकरी होता. त्याने विचारलं,
"गलबत नवऱ्याचं का?"
समीना हा प्रश्न इतक्या सहज विचारून गेली
की तो तिला पाठ असावा.
पाटीवर तिचं नाव आहे, खाली पदव्या आहेत,
तरी.
मी फासा टाकला. तीन आले. यमुना हरली.
राग मात्र उतरेना, आणि तो उसना वाटेना.
गांधीनगरचा पूल ओलांडेपर्यंत
रिक्षात मी पहारेकऱ्याला उत्तरं देत होते.

होते.

रात्री दीड. घराची बेल.
आई आतून, "कोण?"
"मी. आले."

दाराच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही, थोडा वेळ.

आई मुरगूडची.
तिकडे पोरी म्हणतात मी आलो, मी गेलो,
आणि कुणाचं काही बिघडत नाही.
लग्न होऊन विक्रोळीत आली तेव्हा
आत्या म्हणाली होती, ही सून की जावई?
चाळ हसली. आठवड्याभरात आईने
सगळी क्रियापदं बदलून घेतली,
सासरचं नाव घेतलं तशीच.
बेचाळीस वर्षं : आले, गेले, भरले, विसरले.
लग्नाकार्यात हा किस्सा अजून निघतो,
मीही त्यात हसलोय.
काढलेले काने तिने ठेवले कुठे,
ते काही विचारलं नव्हतं.

वरची कडी जरा अडकते.
"थांब," आतून आवाज आला,
"आलो."
मग दार, चष्म्याशिवायची आई,
माझ्याकडे न बघता वळलेली पाठ :
"मी जेवलो. तुझं ताट झाकलंय."