पुढील आदेश होईपर्यंत

ऑर्डर तीन ओळींची होती. टाइप मीच केली.
नवं नाव, तारीख,
आणि शेवटी नेहमीचे शब्द: पुढील आदेश होईपर्यंत.
अकरा वर्षांपूर्वी बाईंना आत आणणाऱ्या कागदावरही
तेच शब्द होते, त्याच जागी.
तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत कुणी वाचत गेलं नव्हतं.

लेते बेटाच्या या किनाऱ्यावर
छप्पर दर वादळागणिक नवं येतं, खुर्च्या त्याच राहतात.
इथे आर्सेनिया काबाहुग प्र. कुलसचिव होत्या.
एक जोडाक्षर आणि एक टिंब.
त्या टिंबावर बाई अकरा वर्षं बसल्या.

ऑफिसात स्वतःचं असं फारसं आणलं नाही.
उशी, कप, कोरफडीची कुंडी:
विणलेल्या एका पिशवीत मावेल इतकंच.
मुळं बाहेर आलीत, कुंडी बदलू या, म्हटलं
तर म्हणाल्या, असू दे,
उचलायला हलकी आहे.

त्या नोव्हेंबरात समुद्र रेकॉर्ड रूममध्ये
छातीएवढा उभा राहिला.
ओसरल्यावर आम्ही बास्केटबॉलच्या मैदानावर दोऱ्या बांधल्या
आणि चाळीस वर्षांच्या गुणपत्रिका
धुण्यासारख्या वाळत घातल्या.
बाई चिमट्यांचा डबा काखेत घेऊन फिरत होत्या,
प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत, हजेरी घ्यावी तसं.
काही नावं त्याच आठवड्यात गेलेली होती.
त्यांचीही पानं वाळवली, उलटून, दुसऱ्या बाजूनंही.
पदवी काढून घेता येत नाही कुणाची,
एवढंच म्हणाल्या, आणि दातांत चिमटा धरला.

मे महिन्यात एका मार्कलिस्टवर त्यांनी सही केली नाही.
कुणाची, ते मी लिहीत नाही.
माझं कंत्राट सहा महिन्यांचं आहे.

कायदा विचारायला त्या ताक्लोबानला जाऊन आल्या.
वकील पोन्सिआनो एस्पेहोन भला माणूस,
फी घेतली नाही, कॉफी मागवली.
म्हणाला, मॅडम, मर्जीनं आलेलं पद मर्जीनं जातं.
कायम असतात तर कारण लागलं असतं,
नोटीस, चौकशी, तुमचं म्हणणं.
तुम्हाला काढलं असं म्हणताही येत नाही.
तुम्ही जागा राखत होतात.
हे शेवटचं वाक्य त्यांनी
बसच्या तिकिटामागे उतरवून आणलं.
कुठल्या फाइलला लावू, मी विचारलं.
चूक झाली विचारून.

दारावरची पाटी म्हणजे प्लॅस्टिकचा खिसा
आणि आत सरकवलेला कागद.
बाईंचा कागद काढला तर मागे आणखी एक निघाला,
त्याच्या मागे आणखी दोन, दमटपणानं चिकटलेले.
सगळ्यांच्या नावाआधी प्र.
नवा कागद मी सगळ्यांच्या पुढे सरकवला.
खिसा फुगलाय आता, नीट बसत नाही.

सोमवारी बाई पुन्हा संख्याशास्त्र शिकवू लागल्या,
जिथे त्या कायम आहेत, सहायक प्राध्यापक,
पगार तेव्हाही त्याच पदाचा होता.
बुधवारी खिडकीवर आल्या. सेवेचा दाखला हवा होता.
मी उठलो. बस, म्हणाल्या, टोकन दे.
सदतीस नंबर. मुलांच्या रांगेत उभ्या राहिल्या,
पुढच्याच्या अर्जातलं स्पेलिंग दुरुस्त करत.

दाखल्यावर सही नव्या प्र. साहेबांची.
त्यांनी तो वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला,
मग एका तारखेवर बोट ठेवलं.
इथे एक दिवस जास्त लागलाय.
गुरुवारी सही माझी नव्हती.
खोड तो.

मी खोडला.
बाजूला तुझी सही कर, म्हणाल्या,
नाहीतर चालणार नाही.