डावीकडे

कुताइसीच्या जुन्या इस्पितळाने माझ्याकडे
एक बाण मागितला होता.
एकच. क्ष-किरणांच्या खोलीकडे नेणारा.

माझ्या फाइलीत त्रेचाळीस झाले.
जाड, बारीक, शेपटीचा, बिनशेपटीचा,
आणि एक तर असा, की तो बाण आहे
हे दुसऱ्या दिवशी मलाच ओळखू येईना.

अडचण खरी होती, हे आधी सांगते.
आमची अक्षरं गोल असतात,
द्राक्षवेलीने काठीला घातलेल्या वेटोळ्यांसारखी.
सरळ रेघ त्यांच्या शेजारी बसवली
की लग्नात शिरलेल्या पोलिसासारखी दिसते.
वाकवली, तर कुठेच नेत नाही.

मग रंग.
निळा म्हणजे थंड. थंड म्हणजे शवागार?
हिरवा म्हणजे औषधाचं दुकान.
रात्री दोन वाजता, बेसिनवरच्या भिंतीला
हिरव्याच्या नऊ छटा चिकटवून
मी दात घासत उभी:
तळ्यात, मळ्यात, तळ्यात.

गोदेर्दझी विनाइल कापतो. दर सोमवारी त्याचा फोन.
"यंत्र मोकळं आहे."
मी म्हणायची, शंभरदा मोजावं, एकदा कापावं,
आपलीच म्हण आहे.
"मोज की," तो म्हणायचा,
"पण तू तर मोजपट्टीच मोजत बसलीयस."

सहाव्या आठवड्यात जागा पुन्हा बघायला गेले,
म्हणजे खरं तर सातवा मागायला.

भिंतीवर कागद होता.
जुन्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान, पाठकोरी बाजू वर,
चारी कोपऱ्यांना जखमेवर लावायची चिकटपट्टी.
जांभळ्या मार्करने खोलीचं नाव
आणि एक बाण. उजवीकडे.
तो खोडलेला.
त्याच्या खाली दुसरा, डावीकडे.

त्सियालाने लावला होता,
दाराशी लोकांचे कोट सांभाळते ती.
"पहिला चुकला," ती म्हणाली, बिल्ले मोजता मोजता.
"उजव्या-डाव्यात माझा घोळ होतो.
दोघं चादरींच्या खोलीत गेले.
एक म्हातारा तर शर्ट काढून बसला होता तिथे.
मग खोडला."
कधीची गोष्ट?
"तुम्ही पहिल्यांदा आलात ना, फूटपट्टी घेऊन,
त्याच्या दुसऱ्या दिवशीची."

मी बाकावर बसले.
गळ्यात हात बांधलेला एक पोरगा आला,
वर पाहिलं, डावीकडे वळला.
पोटाशी मोठा लिफाफा धरलेली बाई. डावीकडे.
जांभळा! माझ्या यादीत जांभळा नव्हताच.

राग आला, खोटं कशाला बोलू.
अक्षरांमधली अंतरं भयानक होती.
कागद इतका वर, की चाकांच्या खुर्चीतल्या माणसाची
मान मोडावी.
तसं मी तिला म्हटलंही.
"मग खाली घ्या," ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात."

परतीच्या मिनीबसमध्ये खिडकीपाशी
मला सारखा तो म्हातारा दिसत राहिला,
घडी केलेल्या चादरींमध्ये उघडा,
हाक यायची वाट बघणारा.
सहा आठवडे मी त्यालाच तर घाबरत होते,
अजून तो चुकायचा होता तेव्हापासून.
त्सियालाने त्याच्या गुंड्या लावून दिल्या असतील,
चहा दिला असेल,
मग मार्करचं टोपण उघडलं असेल.

नदीवरच्या पुलावर फोन लावला.
सतरा नंबर, मी म्हटलं. जमिनीपासून एक मीटर तीस.
"रंग?"
यंत्रावर कुठला रोल आहे?
"हिरवा."
कुठला हिरवा, हे ओठांवर आलं होतं.
बस गचकली. तोच, म्हटलं.

आता लागलाय.
त्सियालाचा कागदही आहे, वर, तसाच,
लोकांना सवय झालीय म्हणते.
सतरा नंबरची शेपटी किंचित जाड आहे.
मला दिसते. दर खेपेला दिसते.
विनाइल निघतं, गोदेर्दझीने सांगितलंय,
कोपरा धरून, नखाने.