भेगेवरच्या तारखा

घर नीलमनगरात, आठव्या गल्लीत,
कारखान्याला पाठ टेकून बसलेलं.
मधे एकच भिंत, नऊ इंची.
पलीकडे बारा माग,
अलीकडे आम्ही पाच जण.

दिवसभर तिकडे टॉवेल निघायचे
आणि इकडे फळीवरचा पितळी डबा
बोटबोट सरकत
संध्याकाळी काठावर यायचा.
बिड्यांचं सूप मांडीवरून उतरवून उठताना
आई तळहाताने त्याला मागे लोटायची,
न बघता.
तो पडलेला मला आठवत नाही.

खाली काळी माती.
पायात मुरूम भरा, गवंडी म्हणाला होता.
मुरमाचे पैसे राधक्काच्या लग्नात गेले.
म्हणून मार्च लागला की जमीन तोंड उघडते
आणि न्हाणीच्या कोपऱ्यातून एक भेग
खिडकीकडे चालू लागते.

वडील तिच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख घालायचे.
१२ एप्रिल ९४.
३ मे ९८.
२००३ची सगळ्यांत वर, थेट चौकटीशी,
त्या अक्षरांखाली एक रेघही ओढलेली.
"पावसाळ्यात मिटती की."
मिटायची.
तारखा तेवढ्या भिंतीवर लोंबत राहायच्या,
कुणाच्या वाढदिवसाच्या असाव्यात तशा.

पाणी पाचव्या दिवशी.
रात्री पावणेतीनला नळ आधी नुसता खोकतो,
मग गल्लीभर बादल्यांचे कान वाजतात.
गुरुबसव्वा गुपचूप मोटर लावते,
आई तेलुगूत तिचा उद्धार करते,
ती कन्नडात व्याजासकट परत देते,
आणि समोरच्या रेहानाबी पाइप धुताधुता
दोघींनाही उर्दूत झोपायला सांगतात.
पाणी तेवढ्यात जातं.
मग सगळ्याजणी पायरीवर बसून
कुणाची किती भांडी भरली ते मोजतात,
गुरुबसव्वा दोन घागरी आमच्या दारात ठेवते,
काही न बोलता, जरा आपटूनच.

दुपारी बारा ते चार गल्लीत कुणी नाही.
पत्रा तापून टकटक करतो.
लिंबाच्या बोटभर सावलीत
कोमटी मास्तरांची शेळी उभी, भिंतीला चिकटून,
सावली सरकेल तशी सरकणारी.
गच्चीवर गेलं तर बंद गिरणीचं धुराडं,
आणि उलट्या बाजूला कुंभारीपर्यंत माळ,
नुसती कुसळं आणि धूळ,
मधूनच उठणारी एखादी वावटळ
प्लास्टिकची पिशवी घेऊन उंच उंच जाणारी.
लहानपणी मला वाटायचं
जगाला इथूनच झाडू मारायला सुरुवात होते.

दिवाळीनंतर माग भंगारात गेले.
किलोवर.
टेम्पो तीन खेपा करून गेला
आणि त्या रात्री गल्लीत कुणाला झोप आली नाही.
रेहानाबींचा नातू तर रडून रडून निळा झाला,
शेवटी त्याच्या उशाशी मिक्सर लावला.

मी भिवंडीहून आलो ते एप्रिलच्या शेवटी.
भेग पाहिली.
यंदा दोन वितीच चढलेली.
माग थांबले म्हणून, की पाऊस लांबला होता म्हणून,
की मातीही आता म्हातारी झाली,
कुणास ठाऊक.
गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, भरून देतो,
वर पुट्टी, वर रंग,
घेणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही.
"कोण घेणारा?" आईने विचारलं.
मी चपलेचा अंगठा बघत राहिलो.
"आत्ता भरली तर पावसात फुगंल," ती त्याला म्हणाली,
"श्रावणात ये."
आणि त्याला चहा दिला.

घरात पेन्सिल सापडली नाही.
तेंदूची पानं कापायच्या कात्रीच्या टोकाने
मी गिलाव्यावर तारीख खरवडली,
वडिलांच्या अक्षरासारखी, चार उलटा काढून.
खाली भुगा पडला. आईने तो झाडला.

डबा आता भिंतीला टेकलेला असतो.
दिवेलागणीला ती उठते
आणि तरी त्याला लोटते.
पितळ भिंतीवर एकदा वाजतं.
आज पाण्याचा दिवस आहे,
मी नळाखाली बादली लावून
जागाच आहे.