दोनशे चार

पापा माताओरांनी दगड दिला
तो अळूच्या पानात गुंडाळून,
पानाला खाचरातला ओला चिखल तसाच.
डोंगरावरच्या ज्या शिळेतून त्यांच्या आजोबांनी
होड्या तासायला वाकस घडवले,
तिचाच कपचा.
"काम झालं की परत आण," म्हणाले.
मी हो म्हटलं.
मांगाइयाच्या धक्क्याला बोट हेलकावत होती
आणि मला घाई होती.

ड्युनेडिनला आम्ही दगड फोडतो.
तांदळातून खडे निवडून टाकतात,
इथे खडेच ठेवायचे, ताजे, करडे,
भिंगाखाली चिमट्याने.
मग टेफ्लॉनची डबी, आम्लाचे थेंब,
रात्रभर मंद आच.
सकाळी डोंगर नसतो.
तळाशी पांढरा डाग, टाचणीच्या डोक्याएवढा.

अंगठी काढते, केस झाकते.
शिसं कुठे नाही?
जुन्या रंगात, जुन्या पेट्रोलच्या धुरात,
ऑकलंडच्या रस्त्यांवर खेळले
त्या वर्षांपासून माझ्या हाडांत.
म्हणून दर वेळी एक डबी रिकामीच चालवते,
आपण किती सांडलो ते कळायला.

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ विचारू नये.
दगडाचं विचारायला कोणी अडवलेलं नाही.
यंत्र मोजत राहतं:
दोनशे सहा, दोनशे सात,
युरेनियमची पोरं, सावकाश वाढणारी.
आणि शेजारी दोनशे चार,
जे कशातूनच जन्मत नाही.
पृथ्वी झाली तेव्हा होतं, तेवढंच.
त्या न वाढणाऱ्याला धरून
बाकीच्यांची वाढ मोजायची.

समुद्रातल्या मधल्या डोंगररांगांवर
उत्तर अठराच्या आसपास येतं.
पापांच्या दगडात एकवीसच्या वर.
पुन्हा चालवलं.
एकवीसच्या वर.

म्हणजे हा आधी समुद्राचा तळ होता,
दुसऱ्याच समुद्राचा, ज्याला हाक मारायला कोणी नव्हतं.
तो खाली गेला. जाताना पाणी पिळून निघालं,
पाण्याबरोबर शिसं गेलं,
युरेनियम मागे राहिलं
आणि दोनेक अब्ज वर्षं
(इथे आमच्यात भांडणं आहेत)
अंधारात पुन्हा शिसं जमवत बसलं, कण कण.
मग वर आलं, बेट झालं,
कोणीतरी त्यात अळू लावलं.

हे सगळं फोनवर सांगितलं.
पलीकडे कोंबडा आरवला, भलत्याच वेळी.
"दगड कुठाय?"
"विरघळला, पापा."
बराच वेळ फक्त खरखर.
मग म्हणाले, "ती रिकामी डबी. तिच्यात काय निघालं?"
"थोडं शिसं."
"कुणाचं?"
"माझं असेल."
"मग तेच पाठव."

खोकं आणलंय. वर पत्ता लिहिलाय.
अळूचं पान मी टाकलं नव्हतं,
खणात वाळून तपकिरी झालंय,
आणि त्यावरचा लाल चिखल
अजून मोजायचा राहिलेला.