दुसरा डोळा

अदिस अबाबात शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत
पोटात काही नसतं. ते व्रत.
मंगळवारीही नव्हतं.
ते काय, त्याला नाव नाही.

घरमालकीण डोकावते, तिरुवर्क, आजही नुसता शिरोच?
मी म्हणते, उपास.
उपासाचं एक बरं असतं,
गरिबी त्याच्या शेजारी येऊन बसली
तरी घरचीच वाटते.

नोकरी सोडली त्याला चौदा महिने झाले.
पहिल्याच दिवशी भिंतीवर दोन कागद डकवले,
एकावर येणं, एकावर मागणं.
येण्यात ओस्लोचं बालपुस्तक (हत्ती, अकरा पानं),
मर्कातोतल्या चपलांच्या दुकानाची पाटी,
एका लग्नाची पत्रिका. लग्न मोडलं, पैसेही.
मागण्याचा कागद कोराच आहे अजून.
मेरिगेता फिसेहा म्हणाले होते,
पोरी, देवाला बिल पाठवू नये.

त्यांनीच मला चेहरे शिकवले,
देवळाच्या ओसरीत, बकरीच्या कातड्यावर.
संत समोरून काढायचा, दोन्ही डोळे, मोठे, वाटोळे.
सैतान बाजूने.
त्याला एकच डोळा,
दुसरा कुणालाच दाखवायचा नाही.

मैत्रीण म्हणते, देवावर हवाला ठेव.
ठेवते की.
दुबईहून तिच्या भावाचे पैसेही हवाल्यानेच येतात,
पण तिथे निदान
एक फोन नंबर असतो.

मग नाहोम आला, सट्ट्याच्या कंपनीचा.
सिंह हवा, म्हणाला, सोन्याचा, गावभर लावायचाय,
निम्मे पैसे आत्ता.
निम्मे पैसे टेबलावर होते.
भाड्याइतके.
मी देवाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही.
तो नेहमीच बोलत नाही,
त्यामुळे हा नकार की होकार
ते मलाच ठरवावं लागतं, आणि मग म्हणावं लागतं
त्याची इच्छा.

सिंह काढला. आयाळ उत्तम जमली.
तोंड बाजूला वळवलेलं, डोळा एक.
नाहोम म्हणाला, झकास, रुबाबदार दिसतो.
आता प्रत्येक सट्टेदुकानावर तो आहे,
खाली पोरं उभी, हातात चिठ्ठ्या,
आणि त्यांच्यातल्या एकालाही
लहानपणी ओसरीत बसवून कुणी काही शिकवलं नसावं.

मेरिगेता बसमधून जाताना पाहतात म्हणे.
रविवारी मला म्हणाले, रेघ चांगली आहे.
बस, एवढंच.
मी भाडं भरलं, देवळात मेणबत्त्या दिल्या बारा,
आणि घरी येताना वाटलं
मी नाहोमला फसवलं, की देवाला,
की दोघांनाही अर्धं अर्धं,
आगाऊ घेतल्यासारखं.

काल रात्री हत्तीच्या नवव्या पानावर वीज गेली.
पडदा काळा झाला.
मेणबत्ती डावीकडे होती,
आणि काळ्या काचेत मी,
बाजूने.
एक डोळा.

किती वेळ तशीच बसले.
बाहेर कुत्री, मग तीही नाहीत.
प्रार्थना आठवेना, मग म्हटलं नसू दे,
हात रिकामेच होते, तेच पुढे केले
आणि मान वळवली, हळूच,
भीत भीत.
होता. दुसराही होता.

वीज आली तेव्हा पहाट झालेली.
नववं पान
सेव्ह केलेलं नव्हतं.