फुरसतीची बॅटरी

गाडीला दोन बॅटऱ्या असतात.
पुढची धडाक्याची,
चावी फिरली की एकदाच सगळा जीव लावते
आणि मग दिवसभर मानाने बसून राहते.
मागची, सोफ्याखालची, ती लेजर बॅटरी.
पिंगळेसाहेब म्हणाले, लेजर म्हणजे फुरसत.
पाहुण्यांचा पंखा, पाहुण्यांचा फ्रीज,
दारावरची दिव्यांची माळ,
रात्री दोन वाजता कुणाला तरी लागलेलं नळाचं पाणी.
थोडं थोडं, पहाटेपर्यंत, न कुरकुरता.

ही फुरसत सांभाळायला त्यांनी मला ठेवलं.

मी मंजुळा गांगुर्डे. सातपूर आयटीआय, वायरमन ट्रेड,
बत्तीस जणांत आम्ही दोघी मुली.
गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, सावरगावच्या अंगाला,
साहेबांच्या चार कॅराव्हॅन उभ्या असतात
पाण्याकडे तोंड करून.
रविवारी दुपारी माणसं जातात.
मागे उरतात द्राक्षांचे देठ, एक लहान मोजा,
आणि कुठे ना कुठे चालूच राहिलेला दिवा.

सोमवारी मी मीटर लावते.
बारा पॉइंट सात म्हणजे पोटभर.
बारा पॉइंट दोन म्हणजे निम्मी.
निम्म्याखाली हिला उतरवू नये.
उतरवली तर लगेच मरत नाही,
फक्त पुढच्या वेळी कितीही भरा,
पहिल्यासारखी भरत नाही.
आज तीन नंबर अकरा पॉइंट चार.
उजाडेपर्यंत सिनेमा बघितला म्हणे, दोन-दोन पंखे लावून,
डिसेंबरात!

धोंगडे सर शिकवायचे :
चार्जर काढल्या काढल्या मोजलेला आकडा
म्हणजे लग्नाच्या मांडवात विचारलेली खुशाली.
तिला दोन-चार तास निवू दे,
मग ती खरं बोलेल.

पाणी डिस्टिल्डच लागतं.
सगळं जग रामकुंडावरून बाटल्या भरून नेतं,
पण ते तीर्थ हिला चालत नाही, बोअरचंही नाही.
प्लेटा बुडतील इतकंच, तेही चार्जिंग झाल्यावर.
खिडक्या उघड्या ठेवायच्या.
वॉचमन विडी घेऊन वाकून बघायला आला
तर त्याला आधी हाकलायचं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा धरतो,
द्राक्षघडावर भुरी यावी तसा.
कोमट पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश.
काळी वायर आधी काढायची, लावताना शेवटी.
वरून बोटभर व्हॅसलीन,
माझ्याच डबीतलं, टाचांसाठी आणलेलं.

आणि नुसती ठेवली तरी ही उतरते.
कुणी दिवा लावला नाही, कुणी आलं नाही,
तरी आतल्या आत, दिवसाला चिमूटभर.
हे आईला सांगितलं तर ती म्हणाली,
तुला काय काम, गाड्यांपाशी बसूनच तर असतेस.

त्या सोमवारी थंडी सातवर आली होती.
पलीकडच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर थांबला
आणि एकदम ऐकू आलं की
इतका वेळ किती आवाज होता.
छतावरच्या सोलर प्लेटवरची पाणकावळ्याची घाण पुसून
मी एक नंबरमध्ये शिरले, हत्यारांची पिशवी ठेवायला.
ठेवली.
मग चपला काढल्या.
मग सोफ्यावर बसले, पाय वर घेऊन,
आणि उशाशी असतो तो एकच दिवा लावला.

काही केलं नाही.
अंजनेरी निळी होती, मग काळी झाली, मग नव्हतीच.
खिडकीच्या काचेत मी दिसायला लागले
तेव्हा उठले.

सवयीने मीटर लावला.
बारा पॉइंट सात. आकडा जागचा हलला नव्हता.
तरी वही उघडली.
पाहुण्याचे नाव, या रकान्यात लिहिलं, गांगुर्डे.
वापर : दिवा एक, चाळीस मिनिटं.
साहेब महिनाअखेरीला वही बघतात. बघू देत.

बाहेर तीन नंबर अजून भरतच होती.
चार्जरचा दिवा लाल.
उजाडेपर्यंत तरी तो लालच राहणार होता.