केरेकरेवची मोजदाद

नकाशात आम्ही नदीच्या काठावर आहोत.
प्रत्यक्षात नदी इथून अर्धा तास चालत.
खापरपणज्याच्या काळात साहेबलोक आले, दुर्बिणी तिकाटण्यांवर रोवून,
तिसेचं वळण त्यांना उगाच लांबण लावणारं वाटलं,
त्यांनी ते मधूनच कापलं.
तुटलेली कोर अजून गावाला बिलगून आहे.
तिला आम्ही मेलेली तिसा म्हणतो
आणि पोहायला तिच्यातच शिकतो.

चर्चच्या भिंतीवर पुराच्या तीन रेघा.
पहिली गुडघ्याशी. दुसरी माझ्या छातीशी.
तिसरीला हात पुरत नाही;
तिथं वर्ष कोरणारा
होडीत उभा राहून कोरत असणार.

मी एतेल्का बोदोर, पोस्टातली.
या खेपेला शिरगणती माझ्याकडे.
गळ्यात ओळखपत्र, पायात बापाचे गमबूट,
आणि दर तिसऱ्या घरी आलुबुखाराची दारू,
नको म्हटलं तर माणसं खरं वय सांगत नाहीत.

रोझालिया चेर्नुश म्हणाली, दोघं.
मुलगा श्टुटगार्टला ट्रक चालवतो, आठ वर्षं झाली.
पण बघ, त्याचा पलंग मी रोज झटकते.
मी एक लिहिलं.
तिनं माझा ग्लास उचलून आत नेला.

बियाण्यांच्या दुकानावर चुन्याखालून
अजून अक्षरं डोकावतात, उजवीकडून डावीकडे जाणारी.
जुन्या वहीत त्या गल्लीतली माणसं एकशे तेवीस.
जून महिना होता, तुती पिकून रस्ता जांभळा झालेला,
एकाच आगगाडीनं नेलं त्यांना.
पुढच्या मोजणीत तो रकानाच नव्हता.
कारकुनानं रेघा इतक्या सारख्या आखल्यात
की काही काढलंय असं वाटू नये.

बांधाखालच्या लाकातोशांकडे मात्र अकरा,
अकरावी पाळण्यात, दात यायचेत.
गाव वाढतंय ते एवढंच,
आणि तिथवर डांबर अजून पोचलेलं नाही.

शेवटी तरीवर गेले.
गेदेओन वार्यू तरीवरच जेवतो, तरीवरच झोपतो,
उन्हाळ्यात ऐलतीरी, बर्फ धरू लागला की पैलतीरी.
ऐलतीर आमचा जिल्हा, पैलतीर दुसरा.
नियम साधा: ठरल्या रात्री ठोक्याला बारा वाजता
माणूस जिथं, तिथला तो.

मधोमध होतो, म्हणाला.
पलीकडं घोडी अडली होती, गुरांच्या डॉक्टरणीला नेत होतो.
दाट धुकं. तारेला धरून थांबलो जरा.
घड्याळ बघितलंस?
तुमच्या चर्चचे टोले मोजले. बारा.
मग त्यांच्याकडचे सुरू झाले, तेही बारा.
मधल्या वेळात कुठं होतो, ते तू सांग.

पुस्तिका उलटसुलट चाळली.
बेघर आहे, तुरुंग आहे, इस्पितळ आहे,
सर्कशीचा तंबूसुद्धा आहे.
पाणी नाही.

शिंगरू जगलं का, विचारलं.
जगलं, म्हणाला. कपाळावर पांढरा टिळा.

आज नगरपालिकेत आंद्राश
फळ्यावरचा जुना आकडा ओल्या फडक्यानं पुसून
खडू घेऊन उभा आहे. किती?
अकराशे अठरा, म्हणते मी, किंवा एकोणीस.
थांब, शेवटचा आकडा जरा फिकट लिही.